सरांना म्हणे चर्चमध्ये बोलता आलं नाही. मग आत्ता कसं येतंय?

शरणपूरकर:
काल एका निवृत्त सरांची लांबलचक पोस्ट सगळ्या ग्रुपांवर फिरत होती. सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात, आयुष्यभर जुना करार (बायबलचा पहिला भाग, ज्यूंचंही शास्त्र) शिकवलेला माणूस. म्हणणं काय, तर ज्यू भाष्यकारांनी मला शास्त्र वाचायला शिकवलं, वर्गात मोकळं बोलता आलं, चर्चमध्ये मात्र जीभ आवरली कारण मंडळीला, म्हणजे चर्चच्या लोकांना, प्रश्न झेपत नाहीत. डोकंच फिरलं. झेपत नाहीत हे कुणी ठरवलं? माझी आजी चौथी शिकलेली, पण नोहाच्या गोष्टीत आधी दोन-दोन जनावरं आणि पुढच्याच अध्यायात शुद्ध जनावरं सात-सात, हे तिचं तिनेच पकडलं होतं, आणि तरी शेवटपर्यंत एक उपासना चुकवली नाही. मोशेची पुस्तकं एका हातची नाहीत, वेगवेगळ्या लिखाणांतून जोडलीत, हे वेल्हाउझेन या जर्मन अभ्यासकाचं दीडशे वर्षांपूर्वीचं तुम्ही वर्गात शिकवून पगार घेणार आणि आम्हाला रविवारी तेच ते दानिएलाचे सिंह!

गोदाकाठचा_पीटर:
बोलायला काय जातंय भाऊ. हेच सर एका मंडळीत संदेशाला, म्हणजे प्रवचनाला, आले तेव्हा मी होतो तिथे. लूक 18, परुशी आणि जकातदार यांचा दाखला; परुशी म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा ज्यू पंथ. एवढंच म्हणाले की परुश्याला व्हिलन करू नका, इसवी सन 70 मध्ये मंदिर पडल्यावर ज्या रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) ज्यू धर्म तगवला ते बरेचसे त्याच परंपरेतले, मिश्ना, म्हणजे त्यांच्या तोंडी नियमांचा संग्रह, साधारण 200 च्या सुमारास त्यांच्याच हातून तयार झाली. उपासना सुटल्यावर कमिटीतले एक काका दारातच पाळकसाहेबांना, "हे आपल्यातले का त्यांच्यातले?" परत बोलावणं नाही. तुम्ही असता तर काय केलं असतं?

देवळालीची_मावशी:
एवढं खोदून मिळवायचं काय पण? ह्यांच्या ऑपरेशनच्या रात्री स्तोत्र 23 म्हणत बसले होते मी, ते दाविदानेच लिहिलं का याची चौकशी केली नाही.

शरणपूरकर:
मावशी, तुमचं स्तोत्र कोणी काढून घेत नाहीये. आपल्या जुन्या कराराचं शेवटचं पुस्तक मलाखी, पण ज्यूंच्या क्रमात शेवटी 'इतिहास' नावाचं पुस्तक आहे. शेवट कसा, तर पारसाचा कोरेश राजा बंदिवासातल्या ज्यूंना म्हणतो, ज्याला जायचंय त्याने यरुशलेमला जावं. आपल्याकडे मलाखी संपला की लगेच मत्तय, म्हणजे येशूची गोष्ट. पुस्तकं तीच, पण गोष्ट वेगळीकडे जाते. एवढं सांगितल्याने कुणाची श्रद्धा उडणार होती? त्यांच्या छापील बायबलात मधे वचन आणि भोवती राशी, इब्न एझ्रा हे मध्ययुगातले भाष्यकार वाद घालत बसलेले. ते भांडण पानावर छापतात, आपण कमिटीत दाबतो.

पीटर:
आणि योनाचं पुस्तक ज्यू लोक प्रायश्चित्ताच्या दिवशी दुपारी वाचतात, त्यातल्या निनवे शहरवाल्यांच्या पश्चात्तापासाठी. आपल्याकडे संडे स्कूलपासून म्हातारपणापर्यंत फक्त योनाला गिळणारा मासा.

कीबोर्डवाला_सॅम:
संदेश कोण ऐकतं राव. पोरं येतात ती म्युझिकमुळे.

जुनी_पेटी:
झालं, आलाच हा! रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंगात ख्रिस्त गायला, बेने इस्राएलांनी (आपल्या कोकणातल्या ज्यूंनी) बायबलातल्या गोष्टींवर मराठीत कीर्तनं केली, आणि आम्ही नाशिकात बसून इंग्लिश कोरस म्हणायचे. आमच्याकडे पेटीचा भाता फाटलाय, पेटी वेदीमागे कपाटाआड टाकलीये, वर जुन्या नाताळच्या झुरमुळ्या. ड्रमकिटला मात्र वर्गणी जमते.

सॅम:
काका, वर्गणी नाही, अर्धे पैसे माझ्या पगारातले आहेत. आणि भजनाला किती जण असतात ते पण लिहा ना.

देवळालीची_मावशी:
ड्रमने माझं डोकं उठतं. पेटीवाल्यांचं खरंय.

जुनी_पेटी:
मावशी धन्यवाद. त्याला सांगा, टिळक काही उगाच पदं रचत बसले नव्हते, लोकांच्या तोंडी बसावीत म्हणून...

सॅम:
टिळक गेले 1919 ला. मी आत्ताच्या पोरांचं बोलतोय.

शरणपूरकर:
अरे धागा काय, तुमचं चाललंय काय! पीटर, सरांना दारात अडवलं ते मान्य, त्या काकांनाही साष्टांग नमस्कार. पण एकदा अडवलं म्हणून माणूस आयुष्यभर गप्प? घरी चार जणांना बसवून शिकवता आलं असतं, त्याला कमिटीचा ठराव लागत नाही. पेन्शन सुरू झाली आणि धीर आला, असंच दिसतंय.

पीटर:
त्यांचं घर चर्चच्या क्वार्टरमध्ये होतं. तुमचं स्वतःचं आहे.

शरणपूरकर:
...बरं. हा मुद्दा आहे. चिडवणारा आहे, पण आहे.

सॅम:
काका, भाता मी स्वखर्चाने दुरुस्त करून देतो, चला. पण वाजवणार कोण? तुमचा नातू माझ्याकडे ड्रम शिकतोय.

जुनी_पेटी:
कधीपासून??