मदत हवी आहे: मालिका लिहून लिहून माझा कान बिघडलाय का?

नमस्कार. सहा वर्षं मालिकांचे संवाद लिहितेय, घर त्यावरच चालतं. रात्री दहाला पटकथा येते, सकाळी आठला सेटवर संवाद हवे असतात. तिथे हात अडत नाही. 'सासूचं वाक्य अजून बोचरं करा' म्हटलं की दहा मिनिटांत करून देते.

जूनमध्ये एका दिवाळी अंकासाठी कथा मागितली गेली. गणपतीआधी द्यायचीय. लिहून महिना झाला, पण पाठववत नाही.

कथा माझ्या आत्याची आहे. लालबागला तिची खानावळ होती. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाख कामगार बाहेर पडले. तिच्याकडे जेवणारे बरेचजण हळूहळू कोकणात, घाटावर आपापल्या गावी गेले. उधारी राहिली ती राहिलीच. तिच्या लाल वहीत ती नावं शेवटपर्यंत होती. एकावरही तिने काट मारली नाही.

हे सगळं मला ठाऊक आहे, तरी कथेतली आत्या बोलायला लागली की मला मालिकेतली आई ऐकू येते. खरंच तसं झालंय की माझी भीतीच बोलतेय, तेच कळत नाही. मालिकेत चुकलं तर दोष दहाजणांत वाटला जातो. इथे नाव एकटीचं, आणि माणूस माझं. पोटासाठी एक आणि मनातलं दुसरं असं लिहिणाऱ्यांनी कृपया सांगा, हे तपासायचं कसं?

प्रतिसाद:
ताई, माझे वडील परळच्या गिरणीत होते. संपाच्या दिवसांत आमच्या खोलीत पैशांचा विषय कुणी काढत नसे. तुमची कथा मोठ्याने वाचा. आत्या जिथे स्वतःचं दुःख समजावून सांगतेय तिथे पेन्सिलीने खूण करा आणि ती वाक्यं काढून पाहा. भीती जायची वाट बघू नका. मी वीस वर्षं वर्तमानपत्रात लिहितोय, मजकूर पाठवताना अजून पोटात गोळा येतो.

धागाकर्ती:
दादा, काल रात्री वाचली. चौदा खुणा झाल्या, त्यातल्या अकरा एकाच प्रसंगात. गावी निघालेला कामगार हिशेब विचारायला येतो तो प्रसंग. तिथे दीड पानाचं बोलणं होतं, सगळं काढलं. आता ती वही मिटते आणि विचारते, 'गाडी किती वाजता हाय? चपात्या बांधून देते.' ही माझीच आत्या. उरलेल्या तीन खुणा आज बघते आणि संध्याकाळी पाठवते.