मदत हवी आहे: गच्चीवर दहातले नऊ चेंडू कपात, गोल्फच्या मैदानावर मात्र तीन-तीन 'पट'

शाहूपुरीकर

नमस्कार मंडळी. क्रिकेट आणि कुस्तीच्या गर्दीत गोल्फचा धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मी साताऱ्यात राहतो, वय ४७. तीन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका मित्रामुळे हा नाद लागला. महिन्यातून दोन रविवार त्याचा पाहुणा म्हणून तिकडं जाऊन अठरा होल (मैदानाचे अठरा टप्पे, प्रत्येकाच्या शेवटी चेंडू घालायचा खड्डा, त्यालाही होलच म्हणतात) खेळतो. पहाटे साडेचारला घर सोडायचं, खंबाटकीचा बोगदा पार करून शिरवळला बसून एक चहा, आणि साडेसहाला पहिल्या टीवर, म्हणजे जिथून पहिला फटका मारतात तिथं. गाडी लावली, बूट बदलले की थेट ड्रायव्हर (सर्वात लांब मारायचा क्लब, म्हणजे काठी) हातात. स्कोअर (एकूण फटके, जितके कमी तितकं बरं) दोन वर्षं १०० ते १०६ यातच रुतून बसलाय.

गेल्या चार खेपांना पट (ग्रीनवर, म्हणजे होलाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, चेंडू होलात घालायला मारायचे हलके फटके) वेगळे मोजले: ४१, ४०, ४३, ४१. पार (होलासाठी अपेक्षित फटके) ठरवताना दर होलला दोन पट धरतात, म्हणजे अठरा होलला ३६. पाचेक पट फुकट जातायत.

घरी गच्चीवर नऊ फुटांची हिरवी मॅट आहे. शेवटी थोडा चढ, त्यावर कप, चेंडू आपोआप माघारी येतो. रोज अर्धा तास खेळतो, दहातले नऊ जातात. घरातल्यांचं म्हणणं, पुढची स्पर्धा गच्चीवरच भरवा. पण मैदानावर तीस फुटांचा पट आला की चेंडू सहा-सात फूट अलीकडंच थांबतो, मग तो उरलेला पटही चुकतो. त्यात पहिले तीन होल ठरल्यासारखे वाया. कंबर धरलेली असते, चौथ्या होलला कुठं अंग मोकळं होतं.

घराजवळ सरावाला ग्रीन नाही. महाबळेश्वरचं मैदान सुचवू नका. मी तिथला सभासद नाही आणि पावसाळ्यात त्या धुक्यात चेंडू सोडा, माणूस सापडत नाही. मित्र म्हणतो नवा पटर (पट मारायचा क्लब) घे. घेऊ का? की आधी दुसरं काही करू?

कृष्णाकाठ

सांगलीकर आहे, तुमच्याच पंगतीतला. पटर घेऊ नका, आधी ती मॅट गुंडाळा.

त्या मॅटनं तुम्हाला दोन चुकीच्या गोष्टी शिकवल्यात. एक, शेवटच्या चढामुळं जोरात मारलेला चेंडूही कपात पडतो, त्यामुळं वेगाचा अंदाज बसतच नाही. दोन, हाताला नऊ फुटांच्या पलीकडचं अंतरच माहीत नाही. तीस फुटांवर हात घाबरतो आणि आखडतो. थ्री-पट (एका होलला तीन पट) बहुतेक वेळा दिशेमुळं होत नाहीत, अंतरामुळं होतात. तीस फुटांवरून दिशा चुकून चुकून किती चुकेल, दोन फूट? तुमचा चेंडू सात फूट अलीकडं राहतोय.

आणि सात फुटांचा पट चुकला म्हणून जीव काढू नका. अमेरिकेतल्या पीजीए टूरवरचे खेळाडू आठ फुटांवरून साधारण निम्मेच घालतात. त्यांचा धंदा आहे तो.

शाहूपुरीकर

निम्मेच? हे ऐकून आज झोप लागेल. पण मग मॅटऐवजी काय?

कृष्णाकाठ

ग्रीन किती पळतं ते मोजायला स्टिम्पमीटर असतो. एडवर्ड स्टिम्पसन नावाच्या हौशी खेळाडूनं १९३५ मध्ये तो काढला. खाचेची तीन फुटी पट्टी, ठरलेल्या उतारावरून चेंडू सोडायचा आणि तो सपाटीवर जितके फूट धावेल तितका त्या ग्रीनचा आकडा. मी घरगुती केलाय. इलेक्ट्रिशियनकडून वायरिंगच्या केसिंगचा तुकडा घेतला, एक टोक कायम दोन विटांच्या उंचीवर ठेवतो. आधी मैदानाच्या सरावाच्या ग्रीनवर चेंडू सोडून पावलं मोजली. लोक बघतात, बघू द्या. मग घरी येऊन सतरंजी, जाजम, कोबा, सगळ्यावर तेच केलं. माझ्याकडं जुन्या सतरंजीचा वेग ग्रीनच्या जवळ आला. कोबा फारच पळतो. तुमचं उत्तर वेगळं येईल, पण एकदा कळलं की सराव खऱ्या वेगाचा होतो.

दुसरं, गच्चीला ढाळ असतोच, पाणी पन्हाळीकडं जावं म्हणून. तो तुमचा फुकटचा ब्रेक, म्हणजे उतारामुळं चेंडूला येणारं वळण. बादलीभर पाणी ओता, कुठं वळतं बघा, मग त्याच रेषेवर चेंडू आडवा मारा. चेंडू वेगात असतो तोवर फारसा वळत नाही, मंदावला की वळतो. म्हणून वळणाचा अंदाज घेताना होलाजवळचे शेवटचे काही फूट जास्त बघायचे.

निवृत्त सुभेदार

राम राम. आमच्या गावात घरटी एक फौजी. मी गोल्फ शिकलो ते छावणीच्या मैदानांवर, आधी साहेबांच्या बॅगा उचलत. तेव्हा बऱ्याच ठिकाणी ग्रीन नसायचंच, ब्राउन असायचं. वाळूत जळकं तेल कालवून थापलेलं गोल पटांगण. पट मारायच्या आधी लाकडी फावड्यानं रेघ ओढून वाट सपाट करायची. त्यावर खेळलेल्या माणसाला चेंडू अलीकडं सोडायची सवय राहत नाही. तेलकट वाळूत तो पोचायचाच नाही.

शाहूपुरीकर, लहानपणी गोट्या खेळलात ना? गलीत गोटी टाकताना हाताकडं बघत होता का? गलीकडं बघत होता. मग पटरला काय झालं? सरावाचे दोन झोके होलाकडं बघत घ्या, हात आपोआप अंतर मोजतो. मग चेंडूकडं बघा आणि वेळ न घालवता मारा. चेंडूवर उभं राहून सत्यनारायणाची पूजा घालू नका.

मारल्यावर डोकं वर नाही. चेंडू कपात पडल्याचा आवाज डाव्या कानानं ऐकायचा. उजव्या हातानं खेळणाऱ्याला हे एकच वाक्य आमचे साहेब सांगायचे, तेवढ्यावर मी पंचवीस वर्षं काढली.

आणि तो कप काढून टाका. होल १०८ मिलिमीटर रुंद असतं. त्याऐवजी पाणी प्यायचं फुलपात्र ठेवा आणि चेंडू त्याला टेकवा. महिनाभर फुलपात्रावर खेळलात की मैदानातलं होल परातीएवढं दिसतं.

मिरजेची ताई

मी फिजिओथेरपिस्ट. गोल्फ खेळत नाही, पण गोल्फवाल्यांच्या कमरा रोज बघते, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नावर बोलते.

दोन तास गाडी चालवली की मांडीच्या पुढच्या बाजूचे, खुब्यातले स्नायू आखडतात आणि पाठीचा मधला भाग वळेनासा होतो. गोल्फचा स्विंग हा तर वळण्याचाच खेळ. खुबा आणि पाठ वळली नाही की ते काम कंबर करते, आणि कंबरेचे मणके वळण्यासाठी फारसे बनलेलेच नाहीत. चौथ्या होलला अंग मोकळं होतं म्हणजे तीन होल तुम्ही वॉर्मअपच करताय, फक्त त्याचे फटके मोजले जातायत.

दहा मिनिटं लवकर पोचा. बूट बदलल्यावर वाहनतळातच भराभर फेऱ्या मारा, धाप लागू नये पण श्वास वाढावा. मग गाडीला हात टेकून एकेक पाय पुढं-मागं आणि आडवा झुलवा, दहा-दहा वेळा. एक क्लब खांद्यांवर आडवा धरून गुडघे किंचित वाकवा आणि छाती दोन्ही बाजूंना वळवा. आधी थोडी, मग जास्त. चार-पाच उठाबशा. त्यानंतर वेज (आखूड फटक्यांचा क्लब) हातात घेऊन अर्धे झोके, हळूहळू पूर्ण. एकदम ड्रायव्हर नको.

एक चूक बहुतेक सगळे करतात: वाकून पायाचे अंगठे धरून अर्धा-एक मिनिट तसंच राहायचं. स्नायू ताणून धरणं खेळ झाल्यावर करा. खेळाच्या तोंडावर तसं केलं तर फटक्यातला जोर उलट कमी होतो. आधी हालचाल, नंतर ताण.

पाय बधिर होत असेल किंवा कळ मांडीतून खाली उतरत असेल तर हे काही करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

शाहूपुरीकर

ताई, बधिर वगैरे काही नाही, नुसतं आखडतं. धन्यवाद.

सुभेदारसाहेब, आणखी एक. टी ऑफच्या (पहिल्या फटक्याच्या) आधी पहिल्या टीशेजारी दोन पट मारले तर चालतं का? एकानं नियम दाखवून मला थांबवलं होतं.

निवृत्त सुभेदार

चालतं. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजून खेळतात त्या प्रकारात) फेरीआधी मैदानावर सराव करू नये हे खरं, पण पहिल्या टीवर किंवा तिच्या आसपास पटिंग-चिपिंग (पट आणि आखूड उचललेले फटके) करायला नियम ५.२ मध्येच मुभा आहे. सरावाच्या ग्रीनवर तर आहेच. खोळंबा करायचा नाही, एवढंच.

कृष्णाकाठ

सरावाच्या ग्रीनवर पाचच मिनिटं मिळाली तर तीन चेंडू घेऊन बसू नका. तिसरा चेंडू जातो तो पहिल्या दोघांची वाट बघून, आणि खेळताना तुम्हाला पहिलाच मिळणार असतो. एकच चेंडू घ्या. आधी लांबचे पट, तेही होलाकडं नाही तर ग्रीनच्या कडेकडं: चेंडू कडेला जाऊन थांबला पाहिजे. त्या दिवसाचा वेग हातात उतरतो. शेवटी दोन फुटांवरून आठ-दहा सरळ घाला आणि निघा. कपात पडल्याचा आवाज कानात असताना पहिल्या टीवर गेलेलं बरं.

आणि एक गोष्ट कुणी बोललं नाही: दव. साडेसहाला ग्रीन ओलं असतं, चेंडू पाणी उडवत जातो आणि लवकर थांबतो. तुमचे पहिल्या तीन होलांवरचे पट आखूड पडण्यात त्याचाही वाटा आहे. नऊ वाजता तेच ग्रीन पळायला लागतं, तेव्हा हात पुन्हा आवरावा लागतो. गवताची पातीही बघत जा. आपल्या बाजूनं चकचकीत दिसलं तर पाती पुढं झुकलेली, चेंडू पळेल. गडद दिसलं तर पाती अंगावर येतायत, थोडा जोर लावा.

भटक्या

डेव्ह पेल्झ म्हणून नासातून गोल्फकडं वळलेले एक प्रशिक्षक होते, त्यांचा हिशोब असा की चेंडू चुकला तर होलाच्या सतरा इंच पुढं जाईल इतका वेग ठेवावा. बाकी चर्चेला +१.

निवृत्त सुभेदार

सपाटीवर ठीक. उतारावर सतरा इंच म्हणून माराल आणि सतरा फूट पळाल.

शाहूपुरीकर

पाच आठवड्यांनी अपडेट देतोय.

मॅट दिवाणाखाली गेली. केसिंगचा प्रयोग केला, आमच्याकडं सतरंजी नाही तर पाहुण्यांसाठी ठेवलेलं जुनं जाजम जुळलं, त्यावरून घरात जे झालं ते इथं लिहीत नाही. फुलपात्राला चेंडू लागल्यावर 'टण्ण' होतं, शेजारच्या आजी रोज संध्याकाळी मोजतात.

तीन फेऱ्या झाल्या. पट ३८, ३९, ३६. एकूण स्कोअर ९९, १०२, ९७. म्हणजे दुसऱ्या फेरीत परत शंभरी, त्या दिवशी टोलनाक्यावर रांग होती आणि वॉर्मअप बुडाला. तीस फुटांचे अजून सगळे जवळ जात नाहीत, पण आता अर्धे पुढं जातात. अलीकडं राहण्यापेक्षा हे बरं वाटतंय. पहिल्या टीवर ड्रायव्हरऐवजी सात नंबरचा आयर्न (मधल्या पल्ल्याचा क्लब) काढतो. मित्र हसतो, त्याचा चेंडू झाडीत असतो.

पटर जुनाच आहे. पावसात गच्ची बंद होईल तेव्हा जाजम हॉलमध्ये आणायची परवानगी मिळवणं चालू आहे.

सुभेदारसाहेब, येत्या रविवारी गाडीत एक जागा आहे. येता का?

निवृत्त सुभेदार

येतो. साडेचारला पोवई नाक्यावर उभा असेन. शिरवळला चहा घेऊ, पण टेबलावर बसून नाही. उभ्यानं.