मदत हवी आहे: डीएनए तुटतो, पेशी तो जोडते, मग उत्परिवर्तन (डीएनएतला कायमचा बदल) येतं कुठून?

भाचीला बारावीचं जीवशास्त्र शिकवतोय. मी स्वतः कॉमर्सवाला, सांभाळून घ्या.

क्ष-किरण पेशीतलं पाणी फोडतात, त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल्स (कशावरही झडप घालणारे कण) निघतात आणि डीएनएवर तुटून पडतात, इथवर जमलं. १ ग्रे (शोषलेला किरणोत्सर्ग मोजायचं एकक) मात्रेला एका पेशीत डीएनएच्या दोन धाग्यांपैकी हजारेक ठिकाणी एक धागा तुटतो आणि ३०-४० ठिकाणी दोन्ही, हेही वाचलं.

घोडं अडलंय पुढे. तुटलेलं जोडलं की विषय संपला ना? बदल मागे राहतो तो नेमका कुठे?

आणि मुलर या शास्त्रज्ञाने १९२७ मध्ये क्ष-किरणांनी फळमाश्यांत उत्परिवर्तनं घडवली (१९४६ चं नोबेल त्यालाच). पण हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या मुलांमध्ये तशी स्पष्ट वाढ आढळली नाही म्हणे. भाची विचारते, "मामा, माश्यांना एक न्याय आणि माणसांना दुसरा?" मी फोन आल्याचं निमित्त करून उठलो.

प्रतिसाद

गोम "दोन्ही" या शब्दात आहे. एकच धागा तुटला तर समोरचा बघून जसाच्या तसा भरता येतो. दोन्ही तुटले की बघायचं कशात? पेशीने विभाजनाआधी डीएनएची दुसरी प्रत काढलेली असेल तर ठीक, नाहीतर ती बहुतेक वेळा टोकं साफ करून सरळ चिकटवते. त्यात डीएनएचं एखादं अक्षर गळतं. कधी भलत्याच गुणसूत्राचं टोकही जोडलं जातं.

भाचीला लिहून दाखवा: मदन बदक पकड. वाचायचं तीन-तीन अक्षरांनीच, पेशीही डीएनए तसाच वाचते: दर तीन अक्षरांना एक अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाचा एक मणी. आता पहिला द खोडा: मनब दकप कड.

न्याय एकच आहे हो. मुलरची मात्रा जबरदस्त होती आणि माश्या हजारोंनी तपासता येतात. माणसाच्या प्रत्येक बाळात किरणोत्सर्गाशिवायही साठेक नवे बदल असतातच, त्यात थोडी भर पडली तर दिसणं कठीण. शिवाय पुढच्या पिढीत जातात ते फक्त बीजपेशींतले (शुक्राणू आणि अंडपेशी यांतले) बदल. बाकी पेशींतले त्या माणसापुरतेच, पण तिथे ते महागात पडतात: बॉम्बमधून वाचलेल्यांमध्ये ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) आणि इतर कर्करोग वाढले, ते याच वाटेने.

धागाकर्ता

मदन-बदक एका फटक्यात कळलं, आभार! लगेच पुढचा प्रश्न आलाय: सलग तीन अक्षरं गळली तर?

प्रतिसाद

हुशार आहे पोरगी. एक अमिनो आम्ल कमी होतं, पुढचं वाचन बिघडत नाही. "बदक" खोडून बघा: मदन पकड. वाक्य धड आहे, फक्त पकडायचं कोणाला ते बदललं.