'होकोकु मारू' कुणी बुडवलं? श्रेय 'बंगाल'चं की 'ओंडिना'चं?

दर्यावर्दी:
'एचएमआयएस बंगाल' हे दुसऱ्या महायुद्धातलं रॉयल इंडियन नेव्हीचं (ब्रिटिश काळातल्या हिंदी नौदलाचं) माइनस्वीपर, म्हणजे समुद्रातले सुरुंग काढणारं जहाज. सिडनीत बांधलेलं, जेमतेम साडेसहाशे टनांचं. पुढची तोफ छोटी, बारा पौंडी, कारण मोठी चार इंची मिळालीच नाही. ११ नोव्हेंबर १९४२ ला 'ओंडिना' या रिकाम्या डच टँकरला सोबत करत ते ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलहून हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटाकडे चाललं होतं. कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला 'होकोकु मारू' आणि 'आयकोकु मारू' आडवी आली. दोन्ही जपानी सशस्त्र जहाजं, दोन्ही दहा हजार टनांच्या घरातली. लेफ्टनंट कमांडर विल्सन यांनी टँकरला निसटायला सांगितलं आणि स्वतःचं जहाज थेट शत्रूवर घातलं. होकोकु मारू स्फोटात बुडालं. हे श्रेय बंगालचं आहे आणि आपल्या शालेय पुस्तकांत ते यायलाच हवं.

तोफखाना:
अजिबात पटत नाही. घातक गोळा ओंडिनाच्या चार इंची तोफेचा होता. तो टॉर्पेडोच्या नळ्यांपाशी बसला, आग लागली आणि मग स्फोट झाला. बारा पौंडी तोफेकडून एवढं काम होणं मला अवघड वाटतं. शिवाय दारूगोळा संपत आल्यावर बंगाल धुराच्या पडद्याआड निघून गेलं. मागे राहिलेल्या ओंडिनाचं काय झालं? तिचे कॅप्टन होर्समान मारले गेले. होड्यांत उतरलेल्यांवर मशीनगन चालली. टॉर्पेडो लागूनही टाक्या रिकाम्या म्हणून टँकर तरंगत राहिला. जपानी गेल्यावर उरलेले खलाशी पुन्हा वर चढले, आग विझवली आणि जहाज फ्रीमँटलला परत नेलं!

दर्यावर्दी:
पण ओंडिनाच्या तोफचींना नेम धरायला उसंत कुणामुळे मिळाली? सुरुवातीचा मारा बंगालने अंगावर घेतला म्हणून. गोळे संपल्यावर तिथे थांबून काय करणार होते? बुडाले असते, एवढंच.

कोकणकन्या:
तोफेच्या इंचांवरून भांडताय, पण तोफेमागचे खलाशी कोण होते? अधिकारी बहुतेक ब्रिटिश, खलाशी हिंदी. युद्धाआधी या नौदलात आमच्या रत्नागिरीच्या मुसलमान दर्यावर्दी घराण्यांतली पोरं मोठ्या संख्येने असत. इंग्रजांनी त्यांचं शौर्य वापरून घेतलं, पण पगार, जेवण, वागणूक यांत भेदभाव तसाच ठेवला. त्याच नौदलातले खलाशी फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत बंड करून उठले. पुस्तकात धडा द्यायचाच तर विल्सन यांच्यासोबत त्या खलाशांचीही नावं छापा.

तोफखाना:
खलाशांची नावं छापा, माझी हरकत नाही. त्यांच्या धैर्याबद्दल वाद नव्हताच. पण 'बंगालने होकोकु मारू बुडवलं' हे वाक्य धड्यात गेलं तर मी विरोध करणार. 'ओंडिना आणि बंगाल' असं लिहा, याच क्रमाने.