मदत हवी आहे : टू-स्ट्रोक बाइकला दुसऱ्या मॉडेलची इग्निशन कॉइल चालेल का?

परळकर :
जुनी १०० सीसी टू-स्ट्रोक, सीडीआय (कपॅसिटरच्या झटक्याने ठिणगी पाडणारं) इग्निशन. इंजिन गरम झालं की मिसिंग करते आणि बंद पडते, थंड झाली की परत चालू. प्लग नवा, कार्ब्युरेटर साफ. मूळ कॉइल बाजारात मिळत नाही. दुकानदार दुसऱ्या मॉडेलची देतोय. बोल्टची भोकं जुळतात, पण तिला दोन पिना आहेत आणि माझ्या जुन्या कॉइलला एकच वायर. लावली तर सीडीआय युनिट जाईल का? घेताना काय मोजू?

माहीमवाला :
भोकं जुळणं सगळ्यात शेवटी बघा. ती कॉइल ज्या गाडीची आहे तिचं इग्निशन सीडीआय की टीसीआय (ट्रान्झिस्टरवर चालणारं), ते आधी विचारा. सीडीआयमध्ये युनिटमधला कपॅसिटर दोनशे-तीनशे व्होल्टला चार्ज होतो आणि एका झटक्यात कॉइलच्या प्रायमरीत (कमी व्होल्टेजच्या गुंडाळीत) रिकामा होतो. त्यामुळे प्रायमरीचा रेझिस्टन्स कमी, बहुतेक वेळा १ ओहमच्या आसपास किंवा खाली. टीसीआयमध्ये बॅटरीचा १२ व्होल्ट करंट प्रायमरीतून वाहतो आणि तो तोडला की ठिणगी पडते. तिथे साधारण २.५ ते ४.५ ओहम असतो.
टीसीआयची कॉइल तुमच्या गाडीला लावल्याने युनिट सहसा जळत नाही, पण ठिणगी अशक्त पडते आणि जास्त आरपीएमला मिसिंग येतं. खरा धोका उलट्या प्रकारात आहे. ०.५ ओहमची सीडीआय कॉइल टीसीआयवर लावली तर १२ व्होल्टला हिशेबाने २४ अँपिअर होतात. ट्रान्झिस्टर गेलाच समजा.

दादरकर :
मोजायची पद्धत सांगतो. मल्टिमीटर २०० ओहमवर ठेवा, दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा. जो आकडा दिसेल तो रीडिंगमधून वजा करा, नाहीतर ०.५ ओहमच्या कॉइलमध्ये अर्धा आकडा प्रोबचाच असेल. जुन्या एकवायरी कॉइलची प्रायमरी ती वायर आणि लोखंडी पट्ट्यांची बॉडी यांच्यामध्ये मोजा. सेकंडरीसाठी (प्लगला जास्त व्होल्टेज देणारी गुंडाळी) मीटर २० किलो-ओहमवर घ्या. प्लग कॅप उलटी फिरवून काढा आणि मगच मोजा, कारण बऱ्याच कॅपमध्ये ५ किलो-ओहमचा रेझिस्टर असतो. सेकंडरी काही किलो-ओहम यायला हवी. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली वायर तुटली आहे. मॅन्युअलमधला आकडा हाती असेल तर या सगळ्या अंदाजांपेक्षा तोच धरा.
नव्या कॉइलच्या दोन पिनांमधली एखादी बॉडीला जोडलेली आहे का तेही तपासा. नसेल तर एक पिन सीडीआयच्या आउटपुटला आणि दुसरी वेगळ्या वायरने चेसिसला द्या. खुणा असतील तर त्या पाळा. पोलॅरिटी उलटी झाली तर ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं.

परळकर :
जुनी कॉइल थंड असताना रीडिंग बरोबर देते. मग ती चांगली का?

माहीमवाला :
तसं म्हणता येत नाही. मीटर प्रोबमधून जेमतेम दीड-दोन व्होल्ट देतो आणि इन्सुलेशन फुटतं ते हजारो व्होल्टला, तेही गरम झाल्यावर. गाडी बंद पडली की लगेच स्पार्क टेस्टरने साधारण ६ मिमी गॅपवर ठिणगी पाहा. टेस्टर नसेल तर प्लग काढून त्याची बॉडी सिलिंडर हेडला घट्ट टेकवून किक मारा. एचटी वायर (कॉइलपासून प्लगकडे जाणारी जाड वायर) मोकळी सोडून किक मारू नका, उघड्या वायरच्या ताणाने कॉइल आतून फुटते.
गरम असतानाच पल्सर कॉइल (ठिणगीची वेळ ठरवणारी) आणि सोर्स कॉइल (सीडीआयला वीज देणारी) यांचा रेझिस्टन्सही मोजा. गरम झाल्यावरच बंद पडणं हे त्यांचंही लक्षण आहे. त्या खराब असतील तर नव्या इग्निशन कॉइलने काहीही होणार नाही.

दादरकर :
आणि अर्थिंग तपासा. मुंबईच्या खाऱ्या हवेत आणि पावसात कॉइलचा बोल्ट आणि चेसिस यांच्यामध्ये गंज येतो. रंग दिलेल्या फ्रेमवर कॉइल कसली तरी करंट नीट जात नाही. बोल्टखालची जागा सॅंडपेपरने लोखंडापर्यंत घासा. एचटी वायरचं टोक हिरवं पडलं असेल तर ५ मिमी कापून कॅप परत बसवा. मल्टिमीटर नसेल तर लॅमिंग्टन रोडवर साधा मिळतो, या कामाला तेवढा पुरेसा आहे. दुकानातच नवी कॉइल मोजून घ्या आणि जुनीही सोबत न्या.