मदत हवी आहे: गुडघ्याची वाटी सरकते, एमआरआय पुरे की सीटी पण?
बहिणीच्या गुडघ्याची वाटी जिना उतरताना बाहेरच्या बाजूला सरकते. एमआरआयमध्ये टीटी-टीजी अंतर (मांडीच्या हाडाच्या टोकाची खाच, जिच्यात वाटी सरकते, आणि नडगीच्या हाडावरचा उंचवटा यांच्यातलं आडवं अंतर) १७ मिमी आलंय आणि एक्सरेवर इन्सॉल-साल्वाटी रेशो (वाटीखालच्या टेंडनची लांबी भागिले वाटीची लांबी) १.३, म्हणजे वाटी जरा वर बसलीय एवढं कळलं. टीटी-टीजी २० मिमीच्या वर गेलं की ऑपरेशनचा विचार करतात म्हणे, पण ते माप मुळात सीटीवरचं ना, एमआरआयवर तेच अंतर बरेचदा कमी भरतं, मग १७ ला बिनधास्त नॉर्मल कसं म्हणायचं? आणि वाटी खाचेत शिरते गुडघा वाकायला लागल्यावर, पाय सरळ ठेवून काढलेल्या फोटोत ती गडबड दिसणार कशी! स्कायलाइन एक्सरे (गुडघा वाकवून काढलेला) किंवा डायनॅमिक सीटी (गुडघा हलवताना काढलेलं) कुणी केलंय का, त्याने ट्रीटमेंट बदलली का? खाच उथळ आहे की नाही यावर रिपोर्टमध्ये एक ओळ नाही, ते वेगळं विचारावं लागतं का?