जुन्या ओबीएमची फाउंडेशन रबरे झिजली आहेत : खालची जोडी बदलावी की चारही?

प्रश्न : वेणाकाठ (बुटीबोरी)

नमस्कार मंडळी. वडगाव जलाशयावर आमच्या मच्छीमार संस्थेची एक फायबरची नाव आहे आणि तिच्या मागच्या फळीवर दोन सिलिंडरचे, टू-स्ट्रोक, 40 अश्वशक्तीचे जुने ओबीएम (आउटबोर्ड मोटर, म्हणजे नावेच्या बाहेर टांगलेले इंजिन) बसवलेले आहे. हे इंजिन आम्ही सहा वर्षांपूर्वी कोकणातून वापरलेले म्हणून घेतले. त्याआधी ते खाऱ्या पाण्यात किती वर्षे चालले, हे विकणाऱ्यालाही नीट सांगता आले नव्हते.

गेल्या पावसाळ्यापासून त्याला एक खोड लागली आहे. गिअर पुढे टाकताच 'खट्ट' असा आवाज होतो, वेग वाढवला की इंजिनचे डोके मागच्या बाजूला कलते आणि वेग कमी केला की पुन्हा पुढे येऊन आपटते. मंद गतीवर वरचा टोप इतका थरथरतो की हँडल धरणाऱ्याच्या हाताला झिणझिण्या येतात. नागपुरातील एका ट्रक-दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रींनी पाहून "फाउंडेशन गेले", म्हणजे इंजिनला आधार देणारी वरच्या व खालच्या जोडीतली चार रबरे गेली, एवढेच सांगितले, पण ओबीएम त्यांच्या हाताखालून कधी गेलेले नसल्यामुळे ते उघडायला ते तयार नाहीत.

चारही अस्सल रबरांची किंमत मी संस्थेच्या बैठकीत मांडली, तेव्हा सभासदांच्या कपाळावर आठ्या पडल्या. म्हणून विचारतो : दोष खरोखर रबरांचाच आहे, हे खात्रीने कसे ओळखावे? फक्त खालची जोडी बदलून भागेल काय? इंजिनचे डोके, म्हणजे सिलिंडरांचा वरचा सगळा भाग, उचलावे लागेल काय? आणि हिंगण्याच्या एमआयडीसीत लेथवर अशी रबरे बनवून घेणे शहाणपणाचे ठरेल काय?

उत्तर 1 : सावकाश पाना (रामटेक)

भाऊ, लक्षणे रबरांचीच वाटतात, परंतु पैसे खर्च करण्यापूर्वी एक सकाळ तपासणीला द्या, कारण ओबीएममध्ये ढिलाई येण्याच्या जागा एकाहून अधिक असतात आणि सर्वांचे लक्षण वरून सारखेच दिसते.

आधी रचना ध्यानात घ्या. नावेच्या फळीला घट्ट धरणारे क्लॅम्प ब्रॅकेट, त्याला आडव्या खिळीवर टांगलेले आणि वर-खाली होणारे दुसरे ब्रॅकेट, त्या ब्रॅकेटमध्ये डावी-उजवीकडे वळणारी उभी खुंटी, आणि त्या खुंटीच्या वरच्या व खालच्या बाहूंना चार रबरांच्या आधाराने धरलेले इंजिनचे हाउसिंग, अशी ही साखळी आहे. म्हणजे इंजिन आणि नाव यांच्यात धातूचा थेट संबंध कुठेच नसावा, मध्ये रबर असावे. पंखा पाणी मागे ढकलतो तेव्हा इंजिनचा खालचा भाग पुढे, नावेकडे, रेटला जातो आणि डोके मागे कलते. खालची जोडी दाबली जाते, वरची ताणली जाते. तुम्ही जे कलणे पाहिले ते हेच आहे, फक्त निरोगी रबरांत ते अगदी थोडे असते आणि तुमच्या इंजिनात डोळ्यांना दिसण्याइतके झाले आहे.

आता परीक्षा. नाव काठावर घ्या, पेट्रोलची नळी काढा, स्पार्क प्लगच्या टोप्या उतरवा आणि इंजिन उभ्या अवस्थेत ठेवा. खालच्या बाहूवरून हाउसिंगवर जाणारी खडूची एक सरळ रेघ मारा, तशीच वरच्या बाहूजवळ दुसरी आणि खुंटी जिथे ब्रॅकेटमध्ये शिरते तिथे तिसरी. चौथी रेघ क्लॅम्प ब्रॅकेट आणि फळी यांच्यावर. मग एका माणसाने पंख्यावरच्या आडव्या पट्टीला धरून इंजिन पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे जोराने हलवावे आणि दुसऱ्याने केवळ रेघांकडे पाहावे. जी रेघ तुटते, तिथे ढिलाई आहे. पहिल्या दोन रेघा तुटल्या तर रबरे, तिसरी तुटली तर खुंटीचे बुश, चौथी तुटली तर फळीचे बोल्ट किंवा, त्याहून वाईट, कुजलेली फळी. खालच्या रबराच्या टोपणाजवळ घासून चकाकलेली जागा किंवा करडी अॅल्युमिनियमची भुकटी दिसली, तर धातू धातूला लागतो आहे असे समजा. मग थांबण्यात अर्थ नाही.

मंद गतीवर टोप थोडा थरथरणे हा मात्र दोष नव्हे. मऊ रबरावर ठेवलेले इंजिन मंद फेऱ्यांनाच सर्वांत जास्त डोलते आणि वेग वाढला की शांत होते. अति थरथर असेल तर आधी दोन्ही प्लग पाहा. एक सिलिंडर अधूनमधून पेट घेत नसेल, तर नवी रबरेही बिचारी काय करतील?

उत्तर 2 : वैनगंगेवरून

आमच्याकडे हाच त्रास होता. आम्ही ट्रकच्या स्प्रिंगच्या बुशसाठी जे पिवळे पॉलियुरेथेन मिळते, त्याचे बुश कातून खालच्या जोडीच्या जागी बसवले. खर्च अस्सल रबराच्या पाचव्या हिश्शाइतकाही आला नाही आणि इंजिन आता तसूभरही हलत नाही. संस्थेचा पैसा असेल तर हा मार्ग विचारात घ्यायला हरकत नाही.

उत्तर 3 : कातकाम (हिंगणा)

मी लेथचेच काम करतो, म्हणून हे सांगणे माझ्या धंद्याच्या विरुद्ध जाईल, तरी सांगतो. "तसूभरही हलत नाही" हीच त्या दुरुस्तीची अडचण आहे. इंजिनला थोडे हलू देण्यासाठीच तिथे रबर ठेवलेले असते.

दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन मिनिटाला 5000 फेऱ्यांवर चालते, तेव्हा प्रत्येक फेरीत दोन वेळा, म्हणजे मिनिटाला 10,000 वेळा पेट घेते. तो प्रत्येक धक्का रबराने पोटात घालायचा असतो. कंपन शोषणारी रबरे शोर ए मापावर सर्वसाधारणपणे 40 ते 70 कडकपणाची असतात, तर ट्रकच्या बुशचे पॉलियुरेथेन बहुधा 80 ते 90 चे. एवढ्या कडक वस्तूतून कंपन गाळले न जाता सरळ ब्रॅकेटमध्ये, तिथून फळीत आणि फायबरच्या सांध्यांत उतरते. आज इंजिन स्थिर दिसते, पण दोन हंगामांनंतर फळीच्या बोल्टभोवती केसासारख्या भेगा दिसू लागल्या, तर त्या बुशशी त्यांचा संबंध जोडायला कोणाला सुचत नाही. वैनगंगेवरच्या भाऊंनी बोल्टभोवतीचा फायबर एकदा पुसून, उजेडात नीट पाहावा, अशी विनंती.

दुसरा मुद्दा. अस्सल फाउंडेशन रबरात मधली धातूची नळी आणि रबर यांची पकड नुसत्या दाबाची नसून, साच्यात चिकटद्रव्य लावून उष्णतेने रबर पक्के करताना ती बसलेली असते. मी नळी हुबेहूब कातून देईन, रबराचा गोळाही भोकात घट्ट बसवून देईन, पण ती पकड लेथवर तयार होत नाही. पुढे-मागे गिअर टाकताना नळी रबरात फिरू लागली की महिनाभरात भोक मोठे झाले म्हणून समजा. रबर अस्सल घ्या. नळ्या, वॉशर, गंजलेल्या टोपणांची दुरुस्ती, तुटलेला बोल्ट काढून आटे नव्याने बसवणे, ही कामे खुशाल आमच्याकडे आणा.

उत्तर 4 : सावकाश पाना (रामटेक)

कातकामभाऊंनी माझे निम्मे लिहिणे वाचवले. आता प्रत्यक्ष कामाविषयी.

रबरे नेहमी जोडीने बदलावीत. डावे नवे आणि उजवे जुने ठेवले, तर इंजिन एका अंगाला ओढते आणि नव्या रबरावर जास्त भार येतो. पण दोन्ही जोड्या एकदमच बदलाव्यात, असा नियम नाही. खालची जोडी बहुतेक जुन्या इंजिनांत बाहेरून, हाउसिंगच्या दोन्ही बाजूंची टोपणे काढून निघते. वरची जोडी काही इंजिनांत खालचा टोप उतरवल्यावर हाती लागते, तर काहींत डोकेच उचलावे लागते. तुमचे इंजिन समुद्रावरून आलेले आहे. डोक्याचे बोल्ट मीठ खाऊन अॅल्युमिनियमशी एकजीव झालेले असण्याची शक्यता मोठी, आणि त्यांपैकी एक जरी तुटला तरी चार रबरांच्या किमतीपेक्षा मोठे काम उभे राहते. वरच्या बाहूजवळची खडूची रेघ तुटत नसेल, तर माझे स्पष्ट मत असे की वरच्या जोडीला हात लावू नका. उचलण्याची वेळ आलीच, तर गॅस्केट नवे घाला आणि उभ्या शाफ्टच्या दात्यांना ग्रीस लावा, परंतु त्याच्या माथ्यावर ग्रीसचा ठिपकाही ठेवू नका. तिथे ते कोंडले तर शाफ्ट पूर्ण बसत नाही आणि क्रँकशाफ्टवर खालून दाब राहतो.

खालचे बोल्ट सोडण्यापूर्वी इंजिनला आधार द्या. चेन पुली असेल तर उचलण्याच्या कडीला लावून भार नुसता तोलून धरा, नसेल तर पंख्याच्या खाली असलेल्या, न फिरणाऱ्या पात्याखाली लाकडी ठोकळे रचा. सत्तरेक किलोचे धूड बोल्ट निघताच बोटावर येऊ शकते. गंज सोडवणारे तेल आदल्या दिवशी, मग पुन्हा रात्री आणि सकाळी द्या. बोल्टच्या डोक्यावर हातोडीने हलके टोले द्या, त्याने आट्यांतील पांढरी भुकटी सुटते. तरीही हलला नाही, तर गरम हवेच्या गनने बोल्टला नव्हे, भोवतालच्या अॅल्युमिनियमला तापवा, कारण तेच अधिक प्रसरण पावते आणि आटे मोकळे होतात. पेट्रोलच्या इंजिनाजवळ गॅसची ज्योत अजिबात नको. आणि ट्रकवाल्यांचा हवेचा पाना मोहात पाडील, पण तो नको. आधी घट्ट कसून, मग सैल करून, पाव-पाव वळसा घेत जा.

बसवताना नव्या रबराला तेल किंवा ग्रीस लावू नका, नैसर्गिक रबर त्याने फुगते. साबणाचे पाणी पुरते. ग्रीस फक्त बोल्टच्या गुळगुळीत दांड्याला. नायलॉनची पकड असलेली नट पुन्हा वापरू नका. सर्व बोल्ट आधी सैल बसवून इंजिन सरळ उभे करा आणि त्याच स्थितीत, इंजिनच्या पुस्तकात दिलेल्या ताकदीने कसा. तिरप्या अवस्थेत कसलेले रबर कायमचे पिळवटलेले राहते.

रबरे मागवताना क्लॅम्प ब्रॅकेटवरच्या पट्टीवरील मॉडेल आणि क्रमांक जसाच्या तसा पाठवा, नुसते "40 चे" म्हणून मागवू नका.

प्रश्नकर्त्याचे पुढील लेखन : वेणाकाठ (बुटीबोरी)

सर्वांचे आभार. काम झाले, म्हणून जे आढळले ते लिहितो.

खडूच्या चार रेघांपैकी दोन तुटल्या. खालच्या बाहूजवळची रेघ बोटभर सरकली, आणि फळीची रेघ किंचित. फळीच्या एका बोल्टची नट हाताने फिरत होती. आमच्यातील निम्मे सभासद "हाच तो दोष" म्हणून तिथेच थांबायला तयार झाले होते. ती कसल्यावरही खालची रेघ तशीच तुटत राहिली. वरची आणि खुंटीजवळची रेघ अभंग राहिली, म्हणून वरच्या जोडीला आम्ही हात लावला नाही.

उजव्या बाजूचे टोपण तासाभरात निघाले, डावीकडच्या एका बोल्टने मात्र तीन दिवस घेतले. तेल, टोले आणि गरम हवा यांनी तो शेवटी न तुटता निघाला. आत डावे रबर नळीपासून पूर्ण सुटलेले होते. उजवे एका बाजूने चपटे होऊन चिरले होते. अस्सल जोडी मुंबईहून मागवली. डाव्या टोपणाची मिठाने खाल्लेली कड हिंगण्यात भरून, कातून घेतली.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट लक्षात आली. रबरांमुळे इंजिन आणि ब्रॅकेट विजेच्या दृष्टीने एकमेकांपासून तुटलेले असतात, म्हणून दोघांना जोडणारी एक तारेची पट्टी असते, जिच्यामुळे गंज स्वतःवर घेणारा जस्ताचा तुकडा दोन्ही भागांना उपयोगी पडतो. आमच्या इंजिनात तिचा नुसता एक टोकाचा तुकडा शिल्लक होता. नवी पट्टी लावली.

कलणे थांबले. गिअर टाकतानाचा आवाज निम्म्याने कमी झाला, पण गेला नाही, तेव्हा मंद गतीच्या फेऱ्या तपासल्या. त्या पुस्तकात दिलेल्यापेक्षा बऱ्याच जास्त होत्या, बहुधा इंजिन बंद पडू नये म्हणून कोणीतरी कधीतरी स्क्रू पिळून ठेवला असावा. त्या खाली आणल्यावर उरला तो गिअरच्या दात्यांचा साधा आवाज. पंख्याच्या एका पात्याचा कोपरा मोडलेला होता आणि शाफ्टला तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा धागा) गुंडाळलेला सापडला. तंगूस काढला, पाते भरून तोल साधून घ्यायला दिले आहे.

उत्तर : सावकाश पाना (रामटेक)

तंगूस निघाला त्या जागेमागचे ऑइल सील पाहिलेत काय? गिअरचे तेल काढून पाहा. दुधाळ दिसले, तर सील कापले गेले आहे आणि पंखा उतरवलेलाच आहे तोवर ते बदलून घ्या.

वेणाकाठ (बुटीबोरी)

पाहिले. तेल स्वच्छ आहे. वरच्या जोडीजवळ खडूऐवजी पांढऱ्या रंगाची रेघ मारून ठेवली आहे, नाव काठावर ओढली की दर महिन्याला इंजिन हलवून ती पाहतो.